एम.ए.ला बसलो

४ मार्च १९७३, रविवार

आलो एकदाचा! घोडेगावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो तेव्हा कपड्यांवर धुळीचा थर होता, पण मन हलकं झालं होतं. सात आठवडे शाळेचा तास नाही, बनूचं रडणं नाही, शेजारच्या बिऱ्हाडाचा रेडिओ नाही. फक्त मी आणि एम.ए.चे चार पेपर. मुक्ताने निरोप देताना बजावलं आहे की या खेपेलाही गटांगळी खाल्ली तर पुढच्या वर्षी ती स्वतःच बसेल. बायको चौथी पास आहे, पण मला तिचा भरवसा वाटतो.

ही तिसरी खेप. नगरच्या एका नव्या कॉलेजात इंग्रजीची जागा जूनपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली आहे. सेकंड क्लास मिळाला तर मी प्राध्यापक, नाहीतर पारनेरला आठवीच्या वर्गात जन्मभर स्पेलिंगं घोटून घ्यायची. म्हणून बिनपगारी रजा टाकून इथे आलो.

ही जागा आमच्या शाळेतल्या आसाराम मास्तरांनी सुचवली. मिशनच्या जुन्या आवारात रोझीबाईंचं कौलारू घर आहे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेल्या. बोलणं अगदी मोजून मापून. मागच्या बाजूची खोली त्यांच्या धाकट्या भावाची, एलियाची. भिंतभर इंग्रजी पुस्तकं! जुनी नाटकं, महाकाव्यं, कादंबऱ्या, आमचा सगळा अभ्यासक्रम आयताच मांडून ठेवलेला. खिडकीशी टेबल आणि वेताच्या बैठकीची सागवानी खुर्ची. बाईंची अट एकच: खुर्ची हलवायची नाही, अभ्यास तिथेच बसून करायचा. एवढ्या पुस्तकांपुढे ही काय अट झाली!

एलियासुद्धा एम.ए.ला बसला होता, असं बाईंनी सांगितलं. पास झाला का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, निकाल यायचा आहे. कोणत्या सालचा? तर एक्कावनचा. विद्यापीठ पेपर तपासायला वेळ लावतं हे मला माहीत होतं, पण बावीस वर्षं म्हणजे फार झालं. हसू आलं होतं, ते गिळलं.

९ मार्च, शुक्रवार

अभ्यास झकास चालला आहे. एलिया हा आपल्याच जातकुळीचा विद्यार्थी दिसतो. कठीण शब्द आला की त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक मराठी अर्थ. मीही असाच शिकलो, माझे मास्तरही असेच शिकले. अक्षर डावीकडे झुकलेलं, पण स्वच्छ. डिक्शनरी ट्रंकेतच पडून आहे.

गावचे लोक मात्र चमत्कारिक. शिंपी, दूधवाला, देवळातून परतणाऱ्या ख्रिस्ती बाया, सगळे एकच विचारतात, बसलात का? मी आनंदाने सांगतो की हो, एम.ए.ला बसलो आहे. मग ते माझ्या पायांकडे बघतात आणि पुढे जातात. दुष्काळात माणसांची डोकी तापली असावीत.

१६ मार्च, शुक्रवार

मी संशयी माणूस. मुक्ता म्हणते की मी दुधात पाणी शोधत नाही, पाण्यात दूध शोधतो. पण आज जे लक्षात आलं ते संशयापलीकडचं आहे. या पुस्तकांत मला येत असलेल्या एकाही शब्दावर अर्थ लिहिलेला नाही. मला अडतो तेवढ्याच शब्दावर आहे. एक्कावन साली बसलेल्या माणसाला माझं अज्ञान इतकं नेमकं कसं ठाऊक?

काल संध्याकाळी शोकांतिकेच्या पुस्तकाची पुढची वीस पानं चाळून ठेवली होती. कोरी होती. आज दुपारी तिथवर पोचलो तर सात शब्दांवर अर्थ होते आणि सातही मला न येणारे.

मी आंघोळीला किंवा जेवायला उठतो तेव्हा बाई खोलीत येत असणार. दुसरं कोण? पण त्यांचं अक्षर गोल आहे आणि हात इतका कापतो की चहा बशीत सांडतो. उद्या बाजारातून कुलूप आणतो.

२१ मार्च, बुधवार

कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली. तरी अर्थ येतच आहेत.

खरं सांगायचं तर मला त्याचा फायदाच होतो आहे. ज्या प्रश्नावर मागच्या खेपेला दोन पानं रडतखडत भरली, त्यावर आज एका बैठकीत अकरा पानं लिहिली. भाषा अशी की माझा मलाच हेवा वाटला. खुर्चीत बसलं की सुचत जातं. आज दुपारी जेवायला उठायचंसुद्धा राहून गेलं. बाईंनी खिडकीतून ताट दिलं आणि समाधानाने बघत राहिल्या. पोरगं पास होणार असं वाटल्यावर आई बघते तसं. मला ते बघणं आवडलं नाही.

१ एप्रिल, रविवार

एप्रिल फूल म्हणून सोडून देणार होतो, पण नाही सोडवत.

कादंबरीत ‘वाइफ’ हा शब्द आला. पाचवीच्या पोरालाही येतो. त्यावर पेन्सिलीने लिहिलं आहे: मुक्ता. खाली ‘डॉटर’वर: बनू, लाडात असली की चिमी. बाई माझी पत्रं फोडून वाचतात हे आता उघड आहे. तडक जाऊन विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, रागावल्या मात्र नाहीत. चांगली नावं आहेत, एवढंच म्हणाल्या.

परत येऊन पुढचं पान उलटलं. ‘डोअर’ या शब्दावर लिहिलं होतं: कडी जरा उचलून डाव्या खांद्याने ढकलावं, नाहीतर अडतं.

हे आमच्या पारनेरच्या घराचं दार आहे. हे मी कोणत्याही पत्रात लिहिलेलं नाही. दाराबद्दल कोण कुणाला लिहितं?

६ एप्रिल, शुक्रवार

अर्थ आता रोज घरचेच. ‘वॉटर’वर: जेवताना मुक्ता पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवते. ‘स्कार’वर: बनूच्या हनुवटीखाली, पाळण्यातून पडली तेव्हाचा व्रण.

हनुवटीखाली? मी बराच वेळ आठवत बसलो. बनूला कुठे लागलं होतं ते मला आठवेना. लागलं होतं हेच आठवेना. शोकांतिकेच्या नायकाचे सगळे दोष मात्र एका दमात म्हणता येतात.

इंग्रजी मला मिळतं आहे. त्याच्या बदल्यात काय जातं आहे ते मला कळतं, आणि तरी मी रोज सकाळी त्या खुर्चीत बसतो. लाज वाटते हे लिहायला. पण जूनमधली ती जागा मला हवी आहे.

१० एप्रिल, मंगळवार

टपालाने प्रवेशपत्र आलं. केंद्र नगर, पहिला पेपर सोमवारी, तेवीस तारखेला. बाईंनी बघायला मागितलं. ‘बैठक क्रमांक’ या शब्दांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि प्रवेशपत्र स्वतःच्या बायबलात ठेवू लागल्या. हिसकावून घ्यावं लागलं.

१४ एप्रिल, शनिवार

आज भागूबाईला गाठलं. टँकरचं पाणी बाईंच्या घरी तीच आणून भरते. एलियाचं पुढे काय झालं, असं विचारलं. ती घागर खाली ठेवून आधी माझ्याकडे आणि मग घराकडे बघत राहिली. मग बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

“मास्तर, तुमी परीक्षेचं समजलात व्हय? त्यानं परीक्षा दिलीच न्हाई. त्या खुर्चीत बसला तो बसलाच. उत्तम शुक्रवारी, येशूला खिळलं त्या दिशी बसला, उठलाच न्हाई. जीव गेल्ता, पन पाय सरळ हुईनात. बसलेलाच पुरला, खोका उभा करून.”

सगळं गाव इतके दिवस मला काय विचारत होतं ते आत्ता कळलं. भागूबाईने आणखी एक सांगितलं. माझ्याआधी दोघे येऊन गेले, पण ते अभ्यासाला कंटाळून आठवड्यात पळाले. आळशी होते म्हणून वाचले बिचारे.

१८ एप्रिल, बुधवार

निघालो होतो. खुर्ची गेली खड्ड्यात, प्राध्यापकी गेली खड्ड्यात, बनूची हनुवटी बघायची आहे, असं ठरवून ट्रंक उचलली आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एस.टी. आली. चढलो. कंडक्टरने विचारलं, कुठलं तिकीट?

मला सांगता येईना.

रोजनिशी काढून बघितली. ‘पारनेर’ असं लिहिलेलं होतं. अक्षरं वाचता आली, पण अर्थ लागेना. गाव आहे की माणूस आहे, कोणत्या बाजूला आहे, काही नाही. त्या शब्दाच्या डोक्यावर कुणीतरी पेन्सिलीने अर्थ लिहायला हवा होता. मागचे लोक ओरडायला लागले. कंडक्टरने हाताला धरून खाली उतरवलं, ऊन लागलं असेल म्हणाला.

एकच वाट पायांना माहीत होती. परत आलो. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रंक घेतली. खुर्ची पुसून ठेवली होती.

२० एप्रिल, उत्तम शुक्रवार

सकाळपासून उठता येत नाही. गुडघ्यांवर मुठी मारून बघितल्या. दुखतं, पण हलत नाहीत.

ओरडलो. सगळे देवळात. भागूबाई कुंपणापर्यंत आली, तिथेच घागर टाकून गेली.

दुपारी बाई आल्या. चमच्याने पाणी पाजलं. मी विचारलं, काय वाकडं केलं होतं मी तुमचं? त्या रडायला लागल्या. खोटं रडणं नव्हतं. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती.

“तुमच्यावर माझा राग नाही, मास्तर. तो फार हुशार होता हो. पण कुणी बसल्याशिवाय त्याला उठता येत नाही.”

जाताना पाठीमागे बघून हसल्या. माझ्याकडे बघून नाही. माझ्या पाठीमागे.

२१ एप्रिल, शनिवार

पाठीमागे कपडे घालण्याचा आवाज. मान वळत नाही—

माझा पांढरा सदरा. बाही दिसली. त्याला डावी बाही आखूड होते, मला नव्हती होत.

प्रवेशपत्र टेबलावर होतं. आता नाही.

माझं नाव तो मोठ्याने म्हणून बघतो आहे. पुन्हा पुन्हा. पाठ करतात तसं. आधी चुकत होता. आता नाही चुकत—

२२ एप्रिल, ईस्टर

देवळात गाणं चालू आहे. तो उठला, तो उठला. त्यांचं गाणं दुसऱ्याबद्दल आहे, चांगलं आहे. पण बाई दारात उभं राहून गातात आणि डोळे—

खिडकीतून दिसतं. फाट्याकडे जातो आहे. हातात माझी ट्रंक. चाल माझी. पाय पहिल्यांदाच टाकल्यासारखे जपून टाकतो. बाईंनी नवं धोतर— नाही, पँट. माझीच.

एस.टी. थांबली. कंडक्टरने विचारलं असणार. त्याने लगेच सांगितलं. चढला.

कादंबरी त्याने बरोबर नेली. घरचं सगळं तीत होतं. माझ्याकडे आता काही नाही, ही वही तेवढी. मागची पानं वाचून बघतो. ‘मुक्ता’ असा शब्द पुष्कळ वेळा आला आहे. हे बाईमाणसाचं नाव असावं. ती कुणीतरी माझ्या—

पेन्सिल हातात आहे. बोटं अजून चालतात. अक्षर डावीकडे झुकतं आहे. भागूबाई वही नेईल का? कुंपणापाशी येते कधी कधी.

श्रीमती मुक्ता यांस, विनंती विशेष. आपली ओळख नाही, माफ करावं. परीक्षा आटोपल्यावर आपल्या दाराची कडी उचलून जो माणूस घरात येईल, त्याला तुमच्या मुलीला उचलून घेऊ