कपाटामागची ओल

आप्पा,

घर बघायला येणाऱ्या मंडळींना आणायला पलूसच्या स्टँडवर चाललेय. अंगण झाडलंय, नळाचा वायसर बदललाय.

गेल्या वेळी गिऱ्हाइकाला ओल दाखवायला तुम्हीच कपाट सरकवलंत. फौजेतली खरं सांगायची सवय, असं मी समजले. मग गवंडी लावून गच्ची दुरुस्त केली, भिंत वाळली, परवा रंगही दिला. आज सकाळी बघते तर तीच भिंत चिंब, आणि खाली तुमचा तांब्या!

फॅन लावून ठेवलाय, बंद करू नका.

आवं आप्पा, घर विकायचं नसंल तर तोंडानं सांगा की. मंडळींना स्टँडवरनंच चहा पाजून परत लावून देते. अकराला एसटी येते. तोवर फोनची वाट बघते.

राजनंदिनी