आवत्याची बांधी

मु. मोहटोला, ता. सिंदेवाही
२ नोव्हेंबर

सौ. गोकुळा हिस मुखरूकडून आशीर्वाद.

मी इथे बरा आहे. तू तिथे आरमोरीला बरी असशीलच, भावाच्या घरी कोणाला काय धाड भरते? फोन तू उचलत नाहीस. रीताला म्हटलं, तुझ्या आईला माझा निरोप दे, तर पोरगी नागपुरातून मलाच म्हणते, "बाबा, तुमचं तुमी पाहा, मी काई पोस्टमन नाई." म्हणून कागद घेऊन बसलो.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे तुझा भाऊच वाचून दाखवणार. सुरेंद्र, चष्मा पुसून घे. तुझ्याबद्दल जे लिहीन तेही वाच, गाळू नकोस. तीस वर्षं एसटीत लोकांना "पुढे सरका" म्हणालास आणि स्वतः होतास तिथेच राहिलास. एवढं एक काम तरी नीट कर.

तुझ्या जाण्याने माझं काही अडलेलं नाही. भात मी शिजवतो. खाली करपतो, वर कच्चा राहतो, मधला मी खातो, बाकीचा बैल खातात. तुझ्यासारखे टोमणे तरी मारत नाहीत.

आता शेताचं. पाऊस आषाढात चार दिवस पडला तेवढाच. पुढे पोळ्यापर्यंत आभाळ रोज काळं व्हायचं आणि रोज तसंच पुढे जायचं. फोनमधला हवामानवाला मात्र हसत हसत ढगाचं चित्र दाखवायचा. बोडीच्या तळ्यातलं पाणी श्रावणात घोट्यावर आलं, पोळ्याला चिखल झाला, दसऱ्याला अशा भेगा पडल्या की शेजारच्या खुशालच्या वासराचा पाय अडकला. रोवण्यासाठी टाकलेले परे जागच्या जागी म्हातारे झाले. रोपाला कांड्या फुटल्या. चिखल करायला पाणीच नाही तर रोवणार कुठे? शेवटी कापून बैलांपुढे टाकले. धानाच्या चारही बांध्या पडीक आहेत. उभ्या धानात लाखोळीच्या डाळीचं बी फेकायचं, तर धान नाही आणि ओलही नाही.

वाडीतही तेच. जांबाला बोराएवढी फळं धरली, आत नुसत्या बिया. पोपट एक चोच मारतो आणि टाकून देतो. फणसाने पानं गाळली, आंब्याची विहिरीकडची फांदी वाळली. नुकसान पाहायला एक साहेब आला होता. बुटाला माती लागू नये म्हणून धुऱ्यावरच उभा राहिला, फोटो काढला आणि मला विचारलं, "इथे सोयाबीन होतं का?" सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात येऊन सोयाबीन विचारतो! मी म्हटलं, "हो साहेब, झाडाले लागते ना."

गावात एकट्या खुशालला पीक आहे. हा खुशाल, ज्याला बैल जुंपताना डावा कोणता ते अजून विचारावं लागतं! मिशीला कलप लावून फिरतो. पंधरा दिवसांपूर्वी धान कापलं, आता जो भेटेल त्याला सांगतो, "वैनीनं सांगतलं होतं, यंदा रोवण्याच्या नादी लागू नोको, आवत्या टाक. म्या आयकलं." असं म्हणतो आणि माझ्याकडे पाहतो. मी तंबाखू मळत बसतो.

आवत्या म्हणजे कोरड्यात बी फेकून मोकळं व्हायचं. परे नाहीत, चिखल नाही, रोवणा नाही. माझ्या बापाने असली आळशी शेती केली नाही आणि मीही केली नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी तू मला न विचारता वरच्या बांधीत बी फेकलंस.

इथवर लिहून कागद दोन दिवस फळीवर ठेवला होता. पुढचं लिहायला हात धजेना.

सुरेंद्र, आता बायकोला, पोरांना बोलाव, शेजारचं कोणी अंगणात असेल तर त्यालाही बसव. मोठ्याने वाच. त्या दिवशीही लोक होतेच, तेव्हा आजही असू देत.

मी त्या बांधीवर नांगर घातला. धान बोटभर उगवलं होतं, एकसारखं, तू फेकलेलं. खुशालच्या शेतात निंदायला आलेल्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. तू म्हणालीस, "पानी येनार नाई, मी सांगून राह्यली. एवढी एक बांधी राहू द्या." मी म्हणालो, "बायकोचं आयकून शेती कराले मी का तुया भाऊ आहो? बाईनं पेरलं ते तनच!" आणि बैल हाणले. बाया हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. तू घरी गेलीस, पाय धुतलेस आणि दुपारच्या बसने निघून गेलीस.

ते तण नव्हतं, धान होतं. ओळखता आलं नाही असंही नाही, चाळीस वर्षं धान पाहतो आहे. ओळखूनच नांगर घातला. तू बरोबर निघशील याचीच मला भीती होती. लोकांना मी मूर्ख म्हणत आलो, खुशालला, त्या साहेबाला, तुझ्या भावाला. त्या सगळ्यांनी मिळून माझं जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं मी एका सकाळी केलं. मी चुकलो, गोकुळा. वाच सुरेंद्र, पुन्हा वाच.

आता एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. वरच्या बांधीच्या कोपऱ्यात नांगर वळत नाही. तिथे चार खाटा मावतील एवढी जागा सुटली होती. तिथलं तुझं धान जगलं. मुळं खोल गेली असावीत. लोंब्या भरल्या, पिकल्या, वाकल्या. डुकरं घुसू नयेत म्हणून भोवती तुझी जुनी लुगडी बांधली आहेत. ते हिरवंही बांधलं, त्याबद्दल आल्यावर भांड. येणारेजाणारे विचारतात, "भाऊ, काऊन कापत नाई? दाना झडून राह्यला ना."

विळ्याला धार लावून ठेवली आहे, पण मी त्या धानाला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. पेरलं तू, कापायचं तू. आली नाहीस तर पाखरं खातील, मी खाणार नाही. रोज थोडं झडतं आहे, मी धुऱ्यावर बसून पाहतो.

उद्याचीच बस धर.

तुझा,
मुखरू