फळा पुसताना सापडलेल्या चार विद्यार्थ्यांना दुसरा वकील मिळण्याबाबत

प्रति,
मा. विधी सहाय्य अधिकारी,
न्यायालय आवार, तळमजला.

विषय : अनधिकृत प्रवेशाच्या खटल्यातील चार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दुसरा वकील नेमून देण्याबाबत, पहिला वकील आरोपी क्रमांक पाच झाला असल्याने.

संदर्भ : अर्जदाराच्या नेमणुकीचे आपले पत्र व ते देताना आपण तोंडी दिलेला "सोपी केस आहे" हा अभिप्राय.

महोदय,

१. सदर अर्जदार हा आपल्या कार्यालयाच्या यादीवरील वकील असून उपरोक्त विद्यार्थ्यांचा बचाव त्याच्याकडे सोपवण्यात आला होता. महाविद्यालय नव्या इमारतीत गेल्यावर जुनी इमारत एका कंपनीने पाडण्यासाठी विकत घेतली, फाटकाला कुलूप लावले व कुलपाशेजारी फलक. त्या इमारतीत वरच्या मजल्यावरील वर्गात चौघे विद्यार्थी "फळा पुसताना मिळून आले", असे फिर्यादीत नमूद आहे. काही चोरीस गेले नाही, काही मोडले नाही. फळा स्वच्छ होता, हे पंचनाम्यासही मान्य आहे.

२. तथापि प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. निकाल लागेपर्यंत चौघांना परीक्षेस बसता येणार नाही, असे महाविद्यालयाने कळवले. चौघांतील एकमेव मुलगी, जिला बाकीचे तिघे 'बाई' म्हणतात, तिची शिक्षिकेची नोकरी जवळजवळ ठरली होती. तिथे चारित्र्याचा दाखला मागितला होता.

३. पहिल्या भेटीत अर्जदाराने आत जाण्याचे कारण विचारले. बाई म्हणाली, "गेलो होतो, वकीलसाहेब. का गेलो ते सांगणार नाही." अर्जदाराचे आजवरचे अशील "मी तिथे नव्हतोच" असे सांगून मग तिथे काय काय घडले याचे सविस्तर वर्णन करीत आले आहेत. गुन्हा कबूल आणि कारण गुप्त, हा प्रकार त्यास नवा होता. अशा खटल्यात सगळा भार हेतूवर असतो, हेतू सांगा म्हणजे सोडवतो, असे त्याने परोपरीने समजावले. चौघांनी शांतपणे ऐकून घेतले, अर्जदाराच्या खर्चाने चहा घेतला व ते निघून गेले.

४. सबब, अशील बोलत नाहीत तर निदान जागा तरी बोलेल, या विचाराने अर्जदाराने स्थळपाहणीसाठी कंपनीकडे रीतसर परवानगी मागितली. उत्तर आले नाही. उत्तर न येणे म्हणजे हरकत नसणे, असा सोयीचा अर्थ काढून अर्जदार मागील भिंतीच्या खिंडारातून आत गेला. खिंडार विद्यार्थ्यांच्या बेताचे आहे, अर्जदाराच्या नाही. कोटाचे एक बटण अद्याप तिथेच असावे.

५. वरच्या मजल्यावरून आवाज येत होता. वर्गात बाक नव्हते, पंखे नव्हते. इस्त्रीचा सदरा घातलेले एक वृद्ध गृहस्थ फळ्यावर नदी काढीत होते आणि रिकाम्या खोलीला ती कुठे वळते व का वळते, हे समजावून सांगत होते. अर्जदारास पाहून त्यांनी खडू खाली घेतला. "उशीर झाला," ते म्हणाले, "मागे बसा."

अर्जदार बसला. का बसला याचा खुलासा तो पोलिसांना देऊ शकला नाही, आपणासही देऊ शकत नाही. त्याचा सगळा व्यवसाय उभे राहण्याचा आहे. पण त्या आवाजापुढे उभे राहणे त्यास जमले नाही, आणि नदी समुद्राला मिळेपर्यंत उठावेसेही वाटले नाही.

६. नदी समुद्राला मिळण्यापूर्वीच कंपनीचे व्यवस्थापक हवालदारास घेऊन आले. ते वृद्ध गृहस्थ, म्हणजे मास्तर, हवालदारास म्हणाले, "दार लावून घ्या, वारा येतो." हवालदाराने दार लावून घेतले. व्यवस्थापक काही बोलायला गेले, मास्तरांकडे नीट पाहिले, आणि भिंतीला टेकून खाली बसले. ते याच महाविद्यालयाचे, याच वर्गाचे विद्यार्थी होते, हे मागाहून कळले. जबाबात मात्र त्यांनी "मी बसलो नव्हतो, टेकलो होतो" असे म्हटले असून, मास्तरांचा उल्लेख "अन्य एक इसम" एवढाच केला आहे. नाव लिहायला त्यांचा हात धजला नसावा. ही भीड त्यांनी अर्जदाराबाबत पाळली नाही. त्याचे नाव हुद्द्यासह, ठळक अक्षरांत आहे.

७. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या पत्नी अर्जदाराकडे आल्या व सगळा उलगडा झाला. निवृत्तीनंतर मास्तरांची आठवण विरत गेली आहे. घरातल्यांची नावे चुकतात, पण तासाची वेळ चुकत नाही. अडवले की रडू लागतात. एकदा बाईने त्यांना रिकाम्या वर्गात शिकवताना पाहिले, आणि ती गुपचूप जाऊन समोर बसली. मग तिघे आले. फिर्यादीच्या दिवशी फाटकाचे कुलूप वाजताच चौघांनी "तास संपला, सर" म्हणून त्यांना खिंडारातून घरी पाठवले, आणि फळ्यावर त्यांचे अक्षर राहू नये म्हणून पुसायला घेतले. पळून जायला वेळ होता. अक्षर मात्र बरेच होते.

"ह्यांचं नाव कुठे येऊ देऊ नका, असं मीच पोरांना म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "माझी स्वतःची मुलं कधी इतकं ऐकत नाहीत, म्हणून मला वाटलं ही पण नाही ऐकणार." मग म्हणाल्या, "लिहा आता. विसरणं हा काही गुन्हा नाही. मी कोर्टात येऊन सांगेन."

८. त्यांच्या संमतीने अर्जदार प्राचार्यांस भेटला. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण परीक्षेची बंदी त्याच दिवशी उठवली आणि नव्या इमारतीत दुपारची एक खोली दिली. मास्तर तिथे येतील की नाही, याची सर्वांना धास्ती होती. बाईने त्यांना हाताला धरून आणले. त्यांनी खोली पाहिली, खिडकी पाहिली, "रंग दिलेला दिसतोय," म्हणाले आणि शिकवू लागले. अतिक्रमण त्या दिवसापासून थांबले आहे. राहिला आहे तो फक्त खटला.

९. आरोपीने सहआरोपींची वकिली करणे योग्य नव्हे, हे अर्जदार जाणतो. तरी चौघांना दुसरा वकील तातडीने मिळावा, मास्तरांच्या पत्नीची साक्ष बंद दालनात व्हावी आणि बाईच्या दाखल्याबाबत आपण पोलिसांकडे शब्द टाकावा, ही विनंती. पाचव्या आरोपीचे आपल्या सवडीने पाहावे.

१०. नवीन वकिलास सर्व कागद समजावून देण्यास अर्जदार बांधील आहे, मात्र दुपारी तो मोकळा नसतो. कालच मास्तरांनी मागे बसलेले हे गृहस्थ कोण, असे विचारले. बाई म्हणाली, "आमचे वकील आहेत, सर." मास्तरांनी अर्जदारास वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"मग पुढे बसवा त्यांना," ते म्हणाले. "नीट ऐकलं नाही, तर तुमच्या वतीनं बोलणार काय?"

अर्जदार पुढे जाऊन बसला.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, वकील
तथा आरोपी क्रमांक पाच

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. नेमणुकीचे पत्र (परत)
२. मास्तरांच्या पत्नीचे संमतीपत्र
३. प्राचार्यांचे खोली दिल्याबाबतचे पत्र