चंदीगड ते धरमपेठ

चि. विहंग,

तुझ्या घरून निघाल्यापासून गाडी माझी मैत्रीण सिंधूच चालवत होती. मला कायमचं नागपूरला न्यायला ती एवढ्या लांब आली. सागर शहराच्या पुढे तिनं विचारलं, "काहून सोडलं वं पोराचं घर?"

"नातवंडं मोठी झाली आता."

त्यांना माझी खोली द्यायचं तुम्ही दोघं ठरवत होतात, तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. हे तिला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

"झोप जराशी," ती म्हणाली.

धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत सामान टेकवलं आणि तुझा फोन आला. पोचलीस का, असं विचारशील वाटलं. तू तिकडच्या माझ्या खोलीतल्या कपाटाची किल्ली विचारलीस. मी जागा सांगितली.

फार दमलेली,
आई