पहिला भंडारा

वडगाव मावळ

प्रिय कैलास,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण माझी जुनी सवय मोडत नाही. तुझी बरी मोडली!

काल प्रचाराच्या गाडीवर तुझा आवाज ऐकला. कॉलेजात असताना इथेच, तहसील कचेरीसमोर, भाजीच्या हातगाडीवर चढून तू ओरडला होतास की भुकेल्याला भीक घालू नका, त्याच्या मताला घाबरा. टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले होते. मी प्रेमात पडले ती त्या वाक्याच्या. तुझ्या मिशीच्या नव्हे; गैरसमज नसावा.

त्या वाक्याचं तू काय केलंस, ते आता ऐक. वाडीचं रेशन दुकान मेहुण्याला मिळवून दिलंस. खंडाळ्याच्या बंगल्यांत भांडी घासून जानूमावशीच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या. मशीन अंगठा ओळखत नाही, आणि तुझा मेहुणा म्हणतो, “मावशे, नवा अंगठा उगवला की ये.” दुकान खदाखदा हसतं. मावशी रिकामी पिशवी घडी घालून घरी जाते आणि नातवंडांना पेज पाजते. तिच्या वाटणीचे तांदूळ हॉटेलच्या टेम्पोत चढतात. आणि तू पंचायत समितीला उभा राहून गरिबी हटवणार! अरे, आधी गरिबाच्या ताटातून हात तर काढ.

ते दुकान काढून घ्यायचं म्हणून वाडीतलीच सविता तुझ्याविरुद्ध उभी राहिली, तेव्हा तू घाबरलास. बायांना गाडीत घालून टेकडीवरच्या खंडोबाला नेलंस, शिरा-पुरी वाढलीस आणि देवापुढचा भंडारा उचलून पदराला बांधायला आणि शपथ घ्यायला लावलीस, मत कैलासलाच. बाया कचरल्या, तर स्वतःच्या आईला पुढे केलंस. बयाबाईंनी हळद उचलल्यावर मागे कोण राहणार? उपाशी माणसाजवळ त्याचा शब्द तेवढा शाबूत असतो. तोही तू पुरीच्या बदल्यात काढून घेतलास. याला मी चोरी म्हणते. पाकीटमारसुद्धा देवाला साक्षीला बोलावत नाही.

मी वाडीत सभा घेतली. घसा फोडून सांगितलं की मत गुप्त असतं, फसवून घेतलेली शपथ बांधत नाही, आणि पोराच्या पोटातली भूक मिटवायचं हत्यार तुमच्या बोटात आहे. बाया पदराची गाठ चाचपत बसल्या. शेवटी जानूमावशी म्हणाली, “पोरी, लय ग्वाड बोलतीस. पर खंडोबा तुज्या भाषनाला येत न्हाई.” माझं सगळं वाचन तिथेच आटलं.

मी हरलेच होते. पण तुझी आई त्या सभेत मागे बसली होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल. सभेनंतर ती जानूमावशीच्या घरी गेली आणि तिने पोरांच्या वाडग्यातली पेज पाहिली. आज सकाळी सगळ्या बायांना घेऊन ती टेकडी चढली, पायी. पदराच्या गाठीतला भंडारा सोडून तिने देवाच्या पायरीवर ठेवला. “पयला म्या उचलला, पयला म्याच ठिवते. पाप लागलं तर मला लागू दे.” तिच्यामागून एकेक गाठ सुटत गेली. पायरी पिवळी झाली, कैलास.

उतरताना तिने मला थांबवलं. म्हणाली, “फोनवर त्यो माजं ऐकायचा न्हाई, भाषन करंल. तू लिव्ह.” म्हणून हे पत्र. तिचा निरोप असा: “मत तुला न्हाई. जानूच्या लेकरांचा घास आदी. पर मतदानाच्या दिशी उपाशी हिंडू नगं. जेवाया घरी ये, भाकरी थापून ठिवते.”

तिने सांगितलं तेवढं लिहिलं. तिच्या जागी मी असते तर जेवायलाही बोलावलं नसतं.

एके काळी तुझीच,
राजेश्वरी