फुटामागं एक सूत

चिकलठाणा, औरंगाबाद
१७ मे २०१६

प्रिय मेघा,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत, तुझ्या आईचे गुडघेसुद्धा या आठवड्यात कमी कुरकुरतायत. टँकर काल आला, दोन्ही ड्रम भरून घेतलेत. खिशात फोन असताना दादा कागद का खराब करतोय, असं तुला वाटेल. फोनवर मी अवघड काही बोलायला लागलो की तू हसून विषय बदलतेस आणि मलाही तेच हवं असतं. या वेळी तसं व्हायला नको. अतुलच्या हातून पाठवतोय. एकटी असशील तेव्हा वाच.

शनिवारी पौर्णिमेला तुम्ही नव्या घरात राहायला जाणार. बुद्धपौर्णिमेचा दिवस तुझ्या सासऱ्यांनी सुचवला हे आईकडून कळलं. चांगलंच झालं. पण खरं सांगू, ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? की हेसुद्धा यांनीच सुचवावं? आपला सण, आपली पौर्णिमा, आणि तीही मला अनंतरावांकडून मिळावी? आई म्हणाली, "येवढं तोंड वाकडं करायला काय झालं? मानूस चांगलं हाय म्हनून तर सुचवलं." तो माणूस चांगला आहे हीच तर माझी अडचण आहे, पोरी.

मी मत्सरी आहे. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. साठी उलटलेल्या माणसानं व्याह्याचा मत्सर करावा, म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट. पण तू घर बांधायचं काढलंस तेव्हापासून मी आतून धुमसतोय.

करमाडच्या अलीकडच्या त्या प्लॉटवर लाकडाचं घर उभं करायचं, हे मला तुझ्याकडून कळलं नाही. अनंतरावांकडून कळलं, लग्नाच्या एका पंगतीत, हातात जिलेबी असताना. ते अगदी रंगून सांगत होते. विटा आणि सिमेंट म्हणजे महिनोन्‌महिने पाणी मारणं आलं, आणि इथं माणसांना प्यायला पाणी नाही. म्हणून पाया तेवढा काँक्रीटचा, वर लोखंडी सांगाडा, आणि भिंतींना बाहेरून जुन्या लाकडाच्या फळ्या. एकही झाड नव्यानं तोडायचं नाही असं मेघानं ठरवलंय म्हणाले. ऐकून माझी छाती फुगली आणि लगेच बसलीही. लाकडाचं घर, आणि लाकडात उभा जन्म घालवलेल्या बापाला विचारलं नाही. एकतीस वर्षं मी फाउंड्रीत पॅटर्न केले. पंपाची बॉडी ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात मी घडवायची, तिचा ठसा वाळूत उमटायचा, मग त्यात लोखंड. आणि माझी मुलगी लाकडाचं विचारत होती पोस्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला.

तुला आठवतं का, तू दुसरीत होतीस तेव्हा मी कामावरून खिशात रंध्याच्या साली भरून आणायचो. तू डोळे मिटून बसायचीस आणि मी एकेक साल तुझ्या नाकाशी धरायचो. सागाला तू नव्या चपलेचा वास म्हणायचीस. कडुलिंबाला तोंड कडू करायचीस. एकदाही चुकली नाहीस. ती मुलगी लाकडासाठी दुसऱ्याकडे जाते, यावर मी किती रात्री कूस बदलत काढल्या ते तुझ्या आईला विचार.

मग तो भंगाराच्या आवारातला रविवार. कंपन्यांत परदेशी मशिनी ज्या पेट्यांतून येतात त्या पाइनच्या फळ्यांचा तिथं डोंगर होता. मी हौसेनं आलो होतो. म्हटलं, आता बघा. मी एक फळी उचलली, वाजवली, सरळ आहे म्हणून बाजूला ठेवली. अनंतरावांनी चष्मा कपाळावर नेऊन तिच्यावरचा शिक्का वाचला आणि ती परत ढिगावर टाकली. म्हणाले, "सांडूभाऊ, हिच्यावर एमबी आहे. म्हणजे विषारी धूर देऊन किडे मारलेत. घराला नको. एचटीचा शिक्का असला की नुसतं तापवलेलं असतं, ते घेऊ." अशा पेट्या मी शेकड्यांनी फोडल्या असतील. त्या शिक्क्याकडे मी आयुष्यात बघितलं नव्हतं. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." मी खाली मान घालून पुढच्या फळ्या उपसत राहिलो.

तो 'बाबा' शब्द. मला तू पहिल्यापासून दादा म्हणतेस, कारण माझी धाकटी भावंडं मला दादा म्हणायची आणि तू ऐकून तेच उचललंस. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण तू त्यांना बाबा म्हणायला लागलीस आणि मला वाटलं, ही जागा रिकामी होती हे मला कुणी सांगितलंच नाही.

दुधाच्या अन् ज्यूसच्या रिकाम्या खोक्यांचा चुरा दाबून केलेले ते बोर्ड तुला मागच्या भिंतीला लावायचे होते. मी म्हटलं होतं, पहिल्या पावसाळ्यात फुगतील. अनंतरावांनी वाद घातला नाही. एक तुकडा बादलीत आठ दिवस बुडवून ठेवला, रोज सकाळी मापून वहीत लिहिलं, आणि तेच पाणी नंतर विहीणबाईंच्या, यमुनाबाईंच्या कुंड्यांना घातलं. तुकडा फुगला नाही. परीक्षा घ्यायची ही पद्धत इतकी सरळ होती की मला ती सुचली नाही याचा राग आला. त्या दिवसापासून मी साइटवर येणं सोडलं. तुला सांगितलं, उन्हाचा त्रास होतो. ऊन नव्हतं ते.

तरी मला काहीतरी करून दाखवायचं होतंच. म्हणून पुढचं दार मी करतो म्हणालो. तू किती खूश झालीस! आमच्या फाउंड्रीत हल्ली ॲल्युमिनियमचे पॅटर्न मशीनवर होतात, जुने लाकडी सरपणाच्या भावात निघाले होते. अस्सल साग, चाळीस चाळीस वर्षं मुरलेला. त्यातले काही माझ्याच हातचे. मी ते टेम्पोत घालून आणले, उकलले, जोडले. तू म्हणालीस, चौकटीचं माप घ्यायला या. मी म्हटलं, फोनवर सांग. मला अनंतरावांसमोर वाकून चौकट मोजायची नव्हती. तू सांगितलंस, दार सात फूट बाय साडेतीन, फट सोडून. सव्वीस दिवस राबलो. असं दार मी पुन्हा करू शकणार नाही.

बसवायच्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. दार चौकटीत जाईना. उंचीला जवळजवळ इंचभर जास्त, रुंदीला अर्धा इंच. बद्रीनाथ मिस्त्री म्हणाला, "दादा, चौकटीचं माप बरुबर हाय. दोनदा पायलं म्या. तुमी दार जरा तासून घ्या." दार तासलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण मी सगळ्यांसमोर म्हणालो की माझ्या मापात चूक होत नसते, चौकट आखूड आहे, आणि चौकटीचं माप कुणी दिलं ते विचारा. माप अनंतरावांनी दिलं होतं. जुन्या बाजारातून चौकटीसाठी सागाची तुळई त्यांनीच शोधून आणली होती, तीन चकरा मारून. त्यांनी टेप काढून मोजलं नाही, वाद घातला नाही. म्हणाले, "माझंच चुकलं असेल. दार नका तासू, एवढं सुंदर झालंय. चौकट बदलू." चौकट उपटताना तिचा उभा बाहू उभाच्या उभा तडकला. पुन्हा दुसरी तुळई, पुन्हा भोवतालच्या फळ्या कापणं. त्या वेळी तू वैतागून त्यांना म्हणालीस, "बाबा, मापाचं आता राहू द्या. तुम्ही नुसते गप्पा मारायला येत जा."

ते हसले आणि बाजूला जाऊन तडकलेली लाकडं रचत बसले. आणि मला, मेघा, मला इतका आनंद झाला की परत येताना मी रस्त्यात थांबून उसाचा रस प्यायलो. दोन ग्लास.

दुसऱ्या दिवशी घरी माझ्या हाताखालचा अतुल फळीवर रेघ मारत होता. माझी दोन फुटी पोलादी पट्टी घेऊन बसला होता. म्हणाला, "दादा, ही पट्टी टेपाला जुळंना. लांब हाय." मी पट्टी त्याच्या हातून काढून घेतली. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको म्हणून आम्हा पॅटर्नवाल्यांची पट्टीच मोठी असते. तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं, पण असतं एक फूट आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एकतीस वर्षं माझ्या हाताला तीच पट्टी. तुझं दार मी त्या पट्टीनं आखलं. जणू ते भट्टीतून निघून आकसणार होतं. साइटवर आलो असतो, तुमच्या टेपानं एकदा मोजलं असतं, तर कळलं असतं. रुसून बसलो म्हणून कळलं नाही.

तुला लगेच फोन करायचा होता. केला नाही. अनंतरावांनी साइटवर येणं बंद केलंय असं आईनं सांगितलं, तरी केला नाही. महिना झाला. दार आता नव्या चौकटीत झोकात बसलंय, जो येतो तो वाखाणतो, तू मला फोटो पाठवतेस आणि मी त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकतो.

परवा रविवारी सकाळी अनंतराव इकडे आले. एकटेच, रिक्षानं. चौकटीचा तो तडकलेला बाहू कापडात गुंडाळून आणला होता. फेकवत नाही म्हणाले, याची मेघाला भिंतीवरची फळी करून द्याल का, आणि मला शेजारी बसून बघू द्याल का. मी हो म्हटलं. आई चहा टाकायला गेली. त्यांनी खिळ्याला टांगलेली पट्टी बघितली आणि विचारलं, ही एवढी जाड पट्टी कसली? आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कामाचं कुणी विचारलं की मला भान राहत नाही. मी पट्टी काढली आणि सुरू झालो. ओतकाम कसं, लोखंड कसं आकसतं, फुटामागं एक सूत कसं जास्त धरायचं. चांगली दहा मिनिटं बोललो, हातवारे करून. ते शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. आणि मग माझ्याच कानावर माझे शब्द पडले आणि मी थांबलो. ते बोटांवर मोजत होते. सात फुटांना सात सूत. त्यांनी सातवं बोट मिटलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या हातून चहा घेतला, आलं छान उतरलंय म्हणाले. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाले, "सांडूभाऊ, हे मेघाला सांगायची काही गरज नाही. तिच्या मनात तुमच्या हाताबद्दल जे आहे, ते तसंच राहू द्या."

दोन दिवस मी हे गिळायचा प्रयत्न करतोय. हा माणूस तोंड उघडणार नाही. तुझ्या नजरेत स्वतः चुकलेलाच राहील, आणि येईल तेव्हा माझंच दार उघडून आत जाईल. म्हणजे लाकूड ओळखण्यात तो पुढे, तुझी चौकशी करण्यात पुढे, आणि आता मनाच्या मोठेपणातही पुढेच. एवढं सगळं मी त्याला मिळू देणार नाही. म्हणून हे पत्र. चांगुलपणा म्हणून लिहिलंय असं समजू नकोस, मत्सरानंच लिहिलंय. चौकट बरोबर होती. बद्रीनाथ खरं बोलत होता, त्यालाही सांग. चूक माझी होती, आणि कळल्यावर महिनाभर लपवली ते चुकीपेक्षा वाईट होतं. तुला राग येईल, येऊ दे. शनिवारी मला बोलवायचं की नाही ते तू ठरव, मी आईला पाठवीन. पण त्याआधी त्यांच्याकडे जा, हे पत्र त्यांना वाचून दाखव, आणि दाराशी सगळ्यात आधी त्यांना उभं कर. लग्न झाल्यापासून दर सणाला तू आधी कुणाकडे जातेस हे मी मोजत आलोय, आणि दर वेळी मला वाटायचं, आधी माझ्याकडे यावीस. या वेळी आधी त्यांच्याकडे जा.

तुझाच,
दादा