सात छोटे, एक लांब

३ नोव्हें.
बाबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा मोडली. कारण तोच मोबाइलवरचा ग्रुप. कुठलंसं गुप्त सैन्य म्हणे. सात छोटे भोंगे, एक लांब, की ज्याने त्याने आपल्या ठिकाणी हजर. "तेव्हा डोळ्याला पट्टी नको गो." घरात तांदळाची पोती, दाराशी पिशवी भरून तयार: टॉर्च, बिस्किटं, बोटीवरची जुनी शिट्टी. डॉ. म्हणाले, आणखी थांबलात तर उजवा डोळा...

४ नोव्हें.
ग्रुपवरचे हे शब्द येतात कुठून, शोधायचंच. 'हजेरी ठिकाण २', 'पोर्ट साइड', 'हेडकाउंट'. शेजारचे मोरेकाका फौजेतून रिटायर, त्यांना दाखवलं. पोट धरून हसले. "फौजेत कसली पोर्ट साइड, पोरी? बोटीची डावी बाजू ती. हे सगळं बोटीवरचं."
बाबांना सांगितलं तर उलट जोर चढला. "तीस वर्षं बोटीवर सारंग होतो, खलाशी हाकलेत. ही शिस्त मी ओळखतो. खोटी असायची नाय."

७ नोव्हें.
लायब्ररीतून रजा. ग्रुप मागे मागे सरकवत गेले. भात करपला. सगळ्यात जुना फोटो सापडला आणि टाकणारे कोण? बाबा! ग्रुप नुसत्या गप्पांचा होता तेव्हा हौसेने टाकलेलं त्यांचं बोटीवरचं कार्ड. धोक्याचा भोंगा झाला की कुठे उभं राहायचं, ते. पुढे कुणीतरी बोटीचं नाव कापलं, वर 'अतिगोपनीय' लिहिलं. बाबांना आता फोटो दिसतो कुठे! कुणीतरी मजकूर वाचून टाकलेले ऑडिओ ऐकतात.
हसू आलं, मग रडू. सांगू कसं त्यांना?

८ नोव्हें.
आईने ट्रंकेतून मूळ कार्ड काढलं. वाद न घालता बाबांच्या हातात दिलं. वरच्या प्लास्टिकचा इस्त्रीने वितळलेला कोपरा. अंगठा तिथेच थांबला. मी कार्ड वाचून दाखवलं, मग ग्रुपवरचा ऑडिओ लावला. शब्दाला शब्द.
बाबांनी कार्ड खिशात ठेवलं. मग, "हेडकाउंट झाला की कप्तान सुट्टी देतो. ह्या ग्रुपवाल्यांना कोणी दिलीच नाय."

९ नोव्हें.
सकाळी बाबांनीच ग्रुपवर बोलून टाकलं. "कार्ड माझं हाय. ड्रिल संपली. आपापल्या कामाला जा." दहा मिनिटांत ग्रुपमधून हकालपट्टी. चहा निवला. फार वाईट वाटलं मला.
दुपारी ग्रुपमधल्याच एका अनोळखी माणसाचा फोन. "सारंग, खरंच संपली?" त्यानेही घर तांदळाने भरलंय, बायको वैतागून माहेरी. बाबा तासभर बोलले त्याच्याशी. उद्या परत फोन करणार आहे.

११ नोव्हें.
"डॉक्टरची तारीख कधीची गो?" स्वतःहून विचारलं! शुक्रवार मिळाला. आई देवापुढे साखर ठेवून आली.
पिशवीत आता टॉवेल, लुंगी, आधार कार्ड. शिट्टी मात्र बाबांनी काढली नाही. मीही काही म्हटलं नाही.